बिनमिठाच्या बाटल्या

९ जानेवारी

चि. टिटवी,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. शेवटी तू लिहिलंयस की उत्तर फोनवर सांगितलं तरी चालेल. तो विषय आधी निकालात काढतो. अठ्ठावीस वर्षं चालू पंपांच्या शेजारी उभं राहिल्यावर माणसाच्या कानांत जे शिल्लक उरतं, त्यावर फोन चालत नाही. मला सात आणि साठ सारखेच ऐकू येतात, आणि सात-साठात फरक न कळणाऱ्या माणसाने कुणाला मापं सांगू नयेत. पत्रच बरं. पत्र फाईलला लावता येतं.

आता तुझी रबरी बुचं. तू लिहितेस की बाटलीत वायू दाबाने भरता आणि चार दिवसांनी दाब निम्मा होतो. जुन्या बुचांना सुयांची भोकं पडलेली असणार, ती फेकून दे. नवीन बुचं पाकिटातून काढून तशीच लावायची नाहीत. त्यांच्यावर कारखान्यातली भुकटी आणि तेलकटपणा असतो, त्यामुळे ती काचेवर नीट बसत नाहीत. माझ्या वहीतली, पान चाळीसवरची कृती जशीच्या तशी उतरवतो:

पाणी एक लिटर. धुण्याचा सोडा पन्नास ग्रॅम, तोलून, अंदाजाने नाही. उकळी फुटल्यावर बुचं टाकायची आणि घड्याळ लावून पंचवीस मिनिटं ठेवायची. चिमट्याने काढायची. नळाखाली धरायची नाहीत, फडक्याने पुसायची नाहीत. पोकळ बाजू वर करून जाळीवर सावलीत वाळवायची. पोकळीत थोडं पांढरं धरलं तर धरू दे, त्या थरामुळे रबर चिकटून बसत नाही.

ह्या कृतीने बसवलेली पंपांची रबरी वायसरं मी अकरा-अकरा वर्षांनी उघडली आहेत आणि ती कोरी करकरीत निघाली आहेत. इतकं कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

आणि एक सांग. तुझे हे जंतू खातात तरी काय? ताईला, म्हणजे तुझ्या आईला, विचारलं तर ती म्हणाली, "हवा खातात, तिच्यासारखेच." मामी हसली. मला काही ते पटलं नाही. नीट लिही.

तुझा मामा


२२ जानेवारी

ती. मामा,

एकशे वीस बुचं केली. प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, घड्याळ लावून. चार दिवसांनी दाब मोजला, तर काटा होता तिथेच. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी त्यांचीही बुचं माझ्याकडून उकळून घेतली. तुझी कृती मोठ्या अक्षरांत लिहून मोरीजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे. वर मथळा आहे, 'मामाची कृती'.

आता खाण्याचं. आई खरंच बोलली. त्यांना लागतात दोनच वायू: एक कार्बन डायऑक्साइड, जो आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो, आणि दुसरा हायड्रोजन. प्राणवायू चालत नाही, नुसता लागला तरी मरतात. ह्या दोन वायूंपासून ते अ‍ॅसिटेट बनवतात, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा ज्याच्यामुळे येतो त्या आम्लाचंच एक रूप. जगण्याची सगळी ताकद त्यातूनच काढायची. ऊन नाही, साखर नाही.

अडचण अशी आहे. पेशीतली कामं एटीपी नावाच्या एका रेणूवर चालतात. तुला सोपं जावं म्हणून त्याला ताकदीची बादली म्हणू. पंप सुरू करण्यापूर्वी तू त्यात एक बादली पाणी ओततोस ना, तसंच इथेही सुरुवातीला एक बादली ओतावी लागते, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आणि सगळी प्रक्रिया संपल्यावर शेवटच्या पायरीला हातात किती बादल्या येतात? एकच.

एक ओतली, एक निघाली. तरी ते जगतात, वाढतात, एकाचे दोन होतात. सांग बघू कसे? उत्तर शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पण मी तुला इतक्यात सांगणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुझी टिटवी


३ फेब्रुवारी

चि. टिटवी,

चार दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मामीला सांगितलं, असा एक पंप आहे, बादली ओतावी तेव्हा बादलीच निघते. ती म्हणाली, "मग बंद ठेवा की." व्यवहाराने तिचं बरोबर आहे, पण जंतू बंद ठेवता येत नाही.

पाचव्या दिवशी रोपवाटिकेत कामाला गेलो आणि तिथे उत्तर ठक ठक करत समोर बसलं होतं.

तू लहान असताना मी तुला तिथे नेलं होतं, आठवत असेल. उतारावरची रोपवाटिका, खाली कालवा, वर टाकी. वीज नाही, इंजिन नाही. मी बसवलेला ठोक्याचा पंप एकोणीस वर्षं चालू आहे. पाणीखात्यातले साहेब तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आठवी शिकलेल्या माणसाने पाण्याला चढ शिकवू नये." मी पंप बसवला. कालव्याचं पाणी नळातून सहा फूट खाली येतं, वेग घेतं, आणि त्या वेगाने झडप एकदम बंद होते. अडलेलं पाणी जाणार कुठे? त्यातलं थोडंसं दुसऱ्या झडपेतून वर मुसंडी मारतं. बारा बादल्या सहा फूट उतरतात, तेव्हा त्यातली एक पंचेचाळीस फूट चढते. बाकीच्या अकरा ओढ्याला जातात. मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके. मी दर महिन्याला मोजतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. शेवटी हातात येणारी जी एक बादली तू मोजलीस, तिच्या बाहेर कुठेतरी एक लहानसा उतार आहे, जो तू मला सांगितला नाहीस. तुझे जंतू त्या उतारावर बरंच काही खाली सोडत असणार आणि त्या जोरावर थोडंसं वर चढवत असणार. वर टाकी असणार. टाकीतून खाली येताना चाक फिरत असणार. एका ठोक्यात बादली भरत नसेल. पाव भरत असेल. पण ठोके कोण मोजतंय? ते अब्जावधी आहेत आणि त्यांना दुसरं काम नाही.

चुकलो असेन तर स्पष्ट लिही. मला राग येत नाही. (मामीने हे वाक्य वाचलं आणि खोलीबाहेर जाऊन हसली. मला ऐकू आलं नाही, पण खांदे दिसले.)

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा,

तुझं पत्र मी आमच्या सोमवारच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांच्या वाक्यापासून मामीच्या खांद्यांपर्यंत सगळं. चौदा माणसं ऐकत होती. संपल्यावर बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या आमच्या प्रमुखांनी, विचारलं, हे गृहस्थ कुठे शिकवतात? मी म्हटलं, पंप दुरुस्त करतात. बाईंनी मला खडू दिला आणि म्हणाल्या, "तो ठोक्याचा पंप फळ्यावर काढ." काढला. अजून पुसलेला नाही.

कारण तू बरोबर आहेस. जवळजवळ शब्दशः बरोबर आहेस.

हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन जोडीने येतात. जंतू जोडी फोडतो. एकाला उतारावरून खाली सोडतो आणि त्याच्या घसरण्याच्या जोरावर दुसऱ्याला वर चढवतो. वर चढलेला इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन नावाच्या लोखंड-गंधकाच्या एका इवल्या प्रथिनावर जाऊन बसतो. पेशीच्या आवरणात एक यंत्र आहे. ह्या इलेक्ट्रॉनला त्यातून खाली उतरवताना ते यंत्र सोडियमचे कण पेशीबाहेर ढकलतं. बाहेर साठलेलं सोडियम ही तुझी टाकी. तिथून ते एका फिरत्या चाकातून आत परत येतं, चाक फिरतं आणि एटीपी बनतो. अ‍ॅसिटेटचे साधारण तीन रेणू बनवावेत तेव्हा कुठे ह्या वाटेने एक बादली भरते. तू पाव म्हणालास. तू आठवी शिकलायस ना नक्की?

आता माझं काम काय ते नीट ऐक, कारण माझं सगळं त्याच्यावर आहे. सगळे जंतू टाकीत सोडियमच भरतात असं नाही. काही जातींची टाकी हायड्रोजनच्याच कणांवर चालते, त्यांना प्रोटॉन म्हणतात. माझा जंतू नवा आहे, चिखलातून मी वेगळा काढलेला. तो सोडियमवाला आहे, असं मी म्हणते. तपासणी सोपी. खाण्याच्या पाण्यात सोडियम अजिबात ठेवायचं नाही, सगळे क्षार पोटॅशियमचे. टाकी भरायला काही नसेल तर चाक फिरणार नाही आणि बाटली नितळ राहील. मीठ घातलेल्या बाटल्या मात्र वाढीने गढूळ होतील. जुन्या बुचांवर पहिली फेरी केली होती, तेव्हा बिनमिठाच्या पाचही बाटल्या नितळ राहिल्या. पण त्यांतला वायू गळत होता, म्हणून बाईंनी ती फेरी धरली नाही. आता तुझ्या बुचांवर दुसरी फेरी लावली आहे. तीन फेऱ्या सारख्या आल्या की अहवालात माझं नाव.

तुझी टिटवी


२७ फेब्रुवारी

चि. टिटवी,

तुझं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं आहे, कारण ते बऱ्याच हातांतून गेलं. हार्डवेअरवाल्याने दोनदा वाचलं. ताईने वाचलं आणि म्हणाली, चौदा माणसं म्हणजे चहावाला धरून का? तिचं तसंच आहे. मग पदराने चष्मा पुसून परत वाचलं.

मी कधी कुणाकडे शाबासकी मागितली नाही. पण तुझ्या बाई भेटल्या तर सांग, की झडपेचं वजन पाण्याच्या वेगाप्रमाणे ठरवावं लागतं, आणि फळ्यावर तू झडप उलटी काढली असशील. लहानपणी उलटीच काढायचीस.

दुसऱ्या फेरीचा निकाल कळव. तारखा, बाटल्यांचे क्रमांक, सगळं. बुचं माझ्या पद्धतीची आहेत म्हणजे एका बाजूने तू निश्चिंत राहा.

तुझा मामा


२ एप्रिल

ती. मामा,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत बिनमिठाच्या पाचही बाटल्या गढूळ झाल्या. मिठाच्या बाटल्यांइतक्याच. मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. तिसरी फेरी लावली. तीच गत.

बाई शांतपणे म्हणाल्या, मग तुझा जंतू प्रोटॉनवाला आहे, तसंच लिहू. चूक काही नाही, निकाल हाच. मी म्हटलं, पहिली फेरी वेगळं सांगत होती. त्या म्हणाल्या, पहिली गळकी होती. ३१ मेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मी काही वेगळं दाखवू शकले नाही तर अहवाल तसाच जाईल, आणि मला दुसऱ्याच्या कामावर घेतलं जाईल.

मामा, तो प्रोटॉनवाला नाही. मला माहीत आहे. पण माहीत आहे हा काही पुरावा नव्हे, हे मला तूच शिकवलंयस. छापून गेलं की चुकीचं ते खरं होऊन बसेल.

आईला सांगू नकोस.

टिटवी


१२ एप्रिल

चि. टिटवी,

आईला सांगितलं नाही.

पण तुला सांगतो. मीठ आकाशातून पडत नाही. बाटलीत सोडियम आलं असेल तर ते कुणीतरी घातलं आहे. कुणीतरी म्हणजे तिथे काम करणारं माणूस, आणि तिथे काम करणारं माणूस तू आहेस. लहानपणी स्पॅनर जागेवर न ठेवता पळायचीस, ती सवय गेली असेल असं मी धरून चाललो होतो. घामेजल्या हाताने हाताळलंस का? पाणी कुठलं? ऊर्ध्वपातित आहे असं बाटलीवर लिहिलंय म्हणून घेतलंस, की स्वतः बघितलंस? पोटॅशियमच्या क्षारांची बरणी कुणी मिठाच्या चमच्याने उघडली नाही ना?

बंद पडलेल्या पंपाजवळ गेल्यावर मी एकच प्रश्न विचारतो: चालू होता तेव्हापासून काय बदललं? पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं ते लिही. बाकी रडगाणं नको. फक्त यादी.

माझ्या हाताखाली असतीस तर यादी पूर्ण झाल्याशिवाय जेवायला सोडलं नसतं.

मामा


२४ एप्रिल

ती. मामा,

काळजी करू नकोस, कारण सापडलं. काच. दुसऱ्या फेरीच्या बाटल्या हलक्या काचेच्या होत्या आणि तसल्या काचेतून सोडियम सुटतं. माझंच दुर्लक्ष झालं. तू म्हणतोस ते बरोबर, सवय गेलेली नाही. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, काचेमुळे झालं तर आकड्यांनी दाखव, नुसत्या सबबीवर दोन फेऱ्या पुसता येत नाहीत. दाखवेन काहीतरी.

चौथी फेरी लावली आहे. ह्या वेळी सगळंच नवं घेतलं, बुचंही पाकिटातली, नुसती शुद्ध पाण्यात खळबळून. उकळायला वेळ नव्हता.

मामीचा गुडघा कसा आहे? इथे हवा छान आहे. खिडकीसमोरच्या झाडाला पालवी फुटली आहे.

तुझी टिटवी


८ मे

चि. टिटवी,

तू मला आजवर त्रेपन्न पत्रं लिहिलीस. त्रेपन्नच्या त्रेपन्न फाईलला आहेत. त्यांतल्या एकाही पत्रात हवा छान नव्हती आणि झाडं नव्हती. तुझी पत्रं म्हणजे मापं असतात. ह्या पत्रात एकसुद्धा माप नाही. काच हलकी, पण किती हलकी? सोडियम सुटलं, पण किती? 'दाखवेन काहीतरी.' हे तुझं वाक्य नव्हे. आणि उकळायला वेळ नव्हता, हे ज्या मुलीने पंचवीस मिनिटं घड्याळ लावून एकशे वीस बुचं उकळली तिने लिहावं?

म्हणून तुझी यादी मीच केली. पहिली फेरी ते दुसरी फेरी, काय बदललं. यादीत एकच ओळ आली.

ती ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. लिहून मग तपासली, कारण स्वतःवरचा आरोपसुद्धा मी तपासल्याशिवाय मान्य करत नाही.

औषधाच्या दुकानातून तसलीच पोकळ रबरी बुचं बारा आणली. सहा पान चाळीसप्रमाणे उकळली, पोकळ बाजू वर करून वाळवली. सहा नुसती शुद्ध पाण्यात धुतली. पाणी म्हणजे बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित. प्रत्येक बूच वेगळ्या कपात वीस मिलिलिटर पाण्यात रात्रभर उपडं ठेवलं. शिवाय दोन कप नुसत्या पाण्याचे, आणि दोन हलक्या काचेच्या बाटल्या, त्यातही तेच पाणी. जुन्या इस्त्रीची तार घेतली, ज्योतीत धरून धरून तिचा स्वतःचा रंग जाईपर्यंत तापवली. डाखकामाचा, म्हणजे धातू सांधायचा, गॅसचा दिवा निळा लावला. तार कपात बुडवून ज्योतीत धरायची. मिठाचा अंश असेल तर ज्योत पिवळी भडकते, हे डाखकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. घामाचा हात लागलेली तारही पिवळं देते.

माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता, कारण त्यांना काय बघायचं नाही ते मला माहीत होतं. म्हणून मामीला बसवलं. कुठल्या कपात काय, ते तिला सांगितलं नाही. ती फक्त रंग सांगत होती आणि मी लिहीत होतो.

"निळी. निळी. पिवळी. निळी. पिवळी. अहो, ही तर केवढी पिवळी."

सोळा कप-बाटल्या. सोड्यात उकळलेली सहाच्या सहा पिवळी. बाकी दहा निळ्या. हलक्या काचेच्या बाटल्यांना जेमतेम क्षणभर झाक आली, तेवढ्यावर तुझ्या जंतूचं चाक चार वेढेही फिरणार नाही. काच निर्दोष आहे.

धुण्याच्या सोड्यात सोडियमच असतं. त्यामुळेच पिवळी ज्योत. मी पाण्याच्या पंपाची वायसरं अठ्ठावीस वर्षं ह्या कृतीने बसवली आणि पंपाला सोडियमने काही फरक पडत नाही, म्हणून मला कधी विचार करावा लागला नाही. 'नळाखाली धरायची नाहीत' हे मी तुला ठासून लिहिलं. 'पांढरं धरलं तर धरू दे' हेही मीच. तू जंतूच्या टाकीला एक कण मिळू नये म्हणून जिवाचं रान करत होतीस आणि मी प्रत्येक बाटलीच्या तोंडावर टाकी भरून ठेवली. वर तुलाच हयगय केलीस म्हणून बोललो. स्पॅनरचंही बोललो. ते मागे घेतो.

आणि तुला हे एप्रिलमध्येच कळलं होतं. मला वाचवायला तू दोष काचेवर घातलास, आणि काच दोषी नाही म्हणून तुला बाईंना काही दाखवता येईना. अशी दया मला नको. माझ्या कामात खोट सापडली तर ती माझ्या नावावर राहू दे, तुझ्या नको. मी कामाचा अभिमान बाळगतो, त्यात हेही आलं.

तेव्हा असं कर. हे पत्र सोमवारच्या बैठकीत वाच. मागचं वाचलंस तसंच, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. तारेचं वर्णन गाळू नकोस. सोबत सोळा नोंदींचा कागद जोडला आहे, मामीच्या सहीसकट.

तुझा मामा


२६ मे

ती. मामा,

वाचलं. चौदाच माणसं होती. ह्या वेळी कुणी हसलं नाही, मामीच्या 'अहो'लासुद्धा.

आधी माझी कबुली. तू म्हणतोस तसं एप्रिलमध्येच, सहा तारखेला मला कळलं. बूच काढताना पोकळीतली पांढरी कड नखाला लागली. सोडा म्हणजे सोडियम, हे शाळेतली मुलंही सांगतील. मी प्रत्येक क्षाराची बरणी तपासली, पाणी तपासलं, हातमोजे तपासले. तू सांगितलेलं तेवढं तपासलं नाही. तुझं कधी तपासायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि कळल्यावर भिंतीवर बघितलं तर 'मामाची कृती', फळ्यावर बघितलं तर तुझा पंप. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात. मला ते पुसलं जायला नको होतं. तुझं बारा तारखेचं पत्र आलं तेव्हा वाटलं, लिहून टाकावं. मग वाटलं, बोलू दे त्याला.

बाईंनी तुझा सोळा नोंदींचा कागद दोनदा वाचला. मग माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची ठेवणीतली बुचं मागवली आणि आमच्या यंत्रावर सोडियम मोजायला लावलं. जंतूला लागतं त्याच्या कितीतरी पट निघालं. त्या दोन फेऱ्या त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. मला म्हणाल्या, "तू काचेचं खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. तुझ्या मामांनी खरं लिहिलं तेही नाही."

चौथी, पाचवी, सहावी फेरी. नवीन बुचं, शुद्ध पाण्यात तीनदा धुतलेली. बिनमिठाच्या पंधरा बाटल्या. दहाव्या दिवशी पंधराच्या पंधरा नितळ. बाई म्हणाल्या, मेले असतील, टाकीविना चाक थांबलंय असं कशावरून? म्हणून त्यांच्यासमोर एका बाटलीत सुईने मिठाच्या पाण्याचे चार थेंब सोडले. फक्त चार थेंब, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी बाटली दुधट झाली होती. शेजारच्या चौदा तशाच, आरपार.

मला तुझा पंप आठवला. उन्हाळ्यात कालवा आटला की ठोके थांबायचे, आणि पाणी आलं की तू झडपेला एकदाच हाताने ढकलायचास.

अहवाल सोडियमचा जातोय. माझ्या नावाने. शेवटी आभारात एक ओळ आहे: 'रबरी बुचांतील सोडियम ज्योतीच्या कसोटीने शोधल्याबद्दल एका पंप-दुरुस्ती तज्ज्ञाचे आणि त्यांच्या पत्नीचे.' 'तज्ज्ञ' हा शब्द बाईंचा. आता आमच्याकडे बुचांचं नवीन पाकीट आलं की आधी एक बूच ज्योतीला दाखवतात. बाईंनी विचारलंय, इस्त्रीची तार किती जाडीची होती?

आणि फळ्यावर झडप खरंच उलटी होती. सुलटी केली.

तुझी टिटवी


७ जून

चि. टिटवी,

तार अर्ध्या मिलिमीटरची. बाईंना सांग, मायक्रोमीटरवर बघितली तर शून्य पॉइंट एकावन्न.

मामीने आभाराची ओळ वाचली आणि म्हणाली, मला शेवटी का टाकलं, रंग तर सगळे मीच सांगितले. तिचं म्हणणं रास्त आहे, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. ताई तुझं पत्र घेऊन गेली आहे. ते परत येईल असं दिसत नाही, त्यामुळे फाईलमध्ये एक कोरा कागद लावून त्यावर तारीख टाकली आहे. पंधरा बाटल्या आणि त्यातल्या चौदांत काहीच झालं नाही, हे मी हार्डवेअरवाल्याला पाऊण तास समजावून सांगितलं. काहीच न होण्याचा इतका अभिमान मला आयुष्यात पहिल्यांदा वाटला. त्याने शेवटी विचारलं, मग झालं काय? मी म्हटलं, तेच.

एक काम राहिलं होतं, ते आज केलं. माझी वही तुला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत तिच्यात मी दुसऱ्याचं अक्षर घेतलं नाही. पाणीखात्यातले साहेब निवृत्तीच्या दिवशी पंप बघायला आले होते आणि वहीत अभिप्राय लिहितो म्हणाले, तेव्हाही मी पेन दिलं नव्हतं.

पान चाळीस उघडलं. 'नळाखाली धरायची नाहीत' खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'फक्त पाण्याच्या पंपासाठी. जंतूंसाठी सोडा वर्ज्य. शुद्ध पाण्यात तीनदा धुणे.' त्याखाली सहीची जागा मोकळी सोडली आहे. दुरुस्ती तुझी आहे, सही तू करायची. येशील तेव्हा तुझं पेन घेऊन ये, माझं गळतं.

तुझा मामा